लाल टोपण

पावणेदहाला मेडिसिन वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरचा फोन आला. "मॅडम, तुमच्या मुलीने इन्सुलिन जास्त दिलंय." काही बिघडलं की ती ‘तुमची मुलगी’. एरवी स्टाफ कमी पडला की ‘आपली मुलं पाठवा ना दोन’.

नर्सिंग कॉलेजची डीन काय करते, हे बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड जातं. डीन म्हटलं की लोकांना डॉक्टरच आठवतो. माझा दिवस सह्यांत जातो: पोस्टिंगचं रोटेशन, हजेरी, परीक्षेचे अर्ज, तपासणीच्या फायली. मुलं शिकतात वॉर्डात, आणि वॉर्डातल्या एका कपाटाचीही किल्ली माझ्याकडे नसते. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलची शाळा सुरू झाली, तेव्हा सारा वॉर्डरोपर शाळाही बघायच्या आणि रुग्णालयाच्या मेट्रनही, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुखही, होत्या. वर्ग आणि वॉर्ड एकाच बाईच्या हातात. त्याचे तोटे होतेच, मुली शिकायला आल्यात की राबायला हा वाद तेव्हापासूनचा. पण अशा दिवशी मला त्यांचा हेवा वाटतो.

मी पोहोचले तेव्हा पेशंटला शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, चालू होतं. सत्तरीच्या आजी. शुगर ३८ आली होती, घामाने गाऊन भिजलेला, नाश्ता अर्धा तसाच. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली तर ९६. आजी डोळे उघडून म्हणाल्या, "एवढी गर्दी कशाला?" माझे पाय तेव्हा कुठे जमिनीला टेकले.

झालं होतं ते असं. ऑर्डर १२ युनिटची. व्हायल, म्हणजे औषधाची बाटली, १०० युनिट प्रति मिलिलिटरची. तिला नारिंगी टोपणाचीच सिरिंज लागते, तिच्यावरच्या खुणा १००च्या हिशोबाने असतात. लाल टोपणाची असते ४० युनिटच्या व्हायलसाठी. मुलीने लाल उचलली आणि १२च्या खुणेपर्यंत औषध ओढलं. लाल सिरिंजमध्ये १२ची खूण म्हणजे ०.३ मिलिलिटर, आणि या व्हायलमधले ०.३ मिलिलिटर म्हणजे ३० युनिट. अडीचपट. खुणेवर तिची नजर बरोबर होती, हात बरोबर होता, बुडबुडासुद्धा काढला होता. चुकलं फक्त टोपण.

आता ट्रे बघा. स्टोअरने १००च्या व्हायल आणायला सुरुवात केली होती, पण जुन्या लाल सिरिंज उरल्या होत्या, त्या ‘वाया जाऊ नयेत’ म्हणून त्याच ट्रेमध्ये. मी मोजल्या: नारिंगी अकरा, लाल सहा. इन्सुलिनला दोघींनी तपासून दोघींनी सही करायची असते. दुसरी सही स्टाफ सिस्टरची होती आणि ती सिरिंज न बघता केलेली होती. तिला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. बत्तीस पेशंट आणि ती एकटी.

मुलगी तिसऱ्या वर्षाची. आजींना घाम फुटलेला दिसला तशी ती ट्रॉलीकडे गेली, टाकलेली सिरिंज बघितली, टोपण हातात घेतलं आणि सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली, "सिस्टर, डोस माझ्या हातून जास्त गेलाय." टोपण डब्यात पडू दिलं असतं तर शुगर अशीच खाली गेली म्हणून विषय मिटला असता. अशा कितीतरी ‘अशाच’ खाली गेलेल्या शुगर मी माझ्या नोकरीत पाहिल्यात.

दुपारी अधीक्षकांच्या केबिनमध्ये बैठक. सूर ठरलेला: मुलीला काढा, नाहीतर पुढच्या वर्षीच्या पोस्टिंगचा विचार करावा लागेल. ही धमकी प्रत्येक डीनने ऐकलेली असते. वॉर्ड गेला की क्लिनिकलचे तास गेले, तास गेले की मुलं परीक्षेला बसू शकत नाहीत. मी ट्रे सोबत नेला होता. टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "सर, १२ युनिटसाठी यातली एक उचला." त्यांनी उचलली नाही. मेट्रनकडे बघितलं. मेट्रन माझ्याच पिढीच्या, कडक. खालच्या आवाजात म्हणाल्या, "लाल कालच काढायला हव्या होत्या." त्या एका वाक्यासाठी मी त्यांचे बाकी सगळे टोमणे माफ केलेत.

मी सांगितलं, आज हिला काढलं तर उद्या कुठलीही मुलगी तोंड उघडणार नाही. दोन आठवडे तिला वॉर्ड बंद, औषधांच्या गणिताची परीक्षा पुन्हा, लाल सिरिंज परत स्टोअरला. यावर मिटलं. बाहेर आल्यावर शिक्षिकांनी माझं कौतुक केलं. ते मला आवडलंही.

ट्यूटर कुठे होती, हे कुणी विचारलं नाही.

कागदावर दहा मुलांमागे एक ट्यूटर. त्या सकाळीही कागदावर ती वॉर्डात होती, रोटेशनवर माझी सही आहे. प्रत्यक्षात ती माझ्या ऑफिसशेजारच्या खोलीत तीन वर्षांच्या फायलींना टॅग लावत होती. कॉलेजची तपासणी तोंडावर आली होती. सात वाजता मीच फोन केला होता, "आजचा दिवस वॉर्ड राहू दे, मुलं मोठी आहेत आता." ती वॉर्डात असती तर सिरिंज टोपणासकट हातात घेऊन बघितली असती. ती बघतेच. म्हणून तर फायलींनाही मला तीच हवी होती.

अहवालात कारणांच्या रकान्यात मी लिहिलं: ‘देखरेख अपुरी पडली.’ मराठीत असं वाक्य फार सोयीचं होतं, त्यात माणूस लागत नाही. ट्यूटरने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि खाली सही केली. तिनेही काही विचारलं नाही. तपासणी उत्तम झाली. क्लिनिकल देखरेखीच्या फाइलचं खास कौतुक झालं, टॅग व्यवस्थित होते.

मुलगी दोन आठवड्यांनी वॉर्डात परत निघाली, त्याआधी केबिनमध्ये आली. आभार मानायला असेल असं वाटलं. ती म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी मी आधी ट्यूटर मॅडमना शोधलं होतं. सिरिंज दाखवायला."

मी म्हटलं, "हो."

मग तिच्या पोस्टिंगच्या कागदावर सही केली.