ओडिशातून ठाण्यात: आमची लेक घरी आली तेव्हा

‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नोंदणी केली तेव्हा आम्हा दोघांच्या वयाची बेरीज 85 च्या पुढे गेली होती. 2022 च्या दत्तक नियमावलीप्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी जोडप्याच्या वयाची बेरीज 85 पर्यंतच चालते, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90 पर्यंत. तान्हं बाळ मिळणार नव्हतं. नातेवाईक हळहळले. “मोठं मूल रुळत नाही गं,” हे तर जो तो ऐकवून गेला. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. चालतंबोलतं मूल येणार, एवढ्यानंच आम्ही हरखलो होतो.

गृहभेटीचे 6,000 रुपये भरले आणि समाजसेविका वर्तकनगरच्या घरी आल्या. पगार, घराचं कर्ज, आजारपणं, आमची भांडणं, सगळं विचारलं. सर्वात जास्त वेळ बसल्या त्या सासूबाईंजवळ. परराज्यातलं, कुठल्या जातीचं ते माहीत नसलेलं मूल नातवंड म्हणून मांडीवर घ्याल का, हे त्यांनी सरळ विचारलं. या भेटीचा अनेकांना राग येतो. मला तो आला नाही. ज्याच्यासाठी बोलायला कुणीच नाही, त्या मुलाच्या वतीनं हे प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवेत.

मग वाट पाहणं. त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही, ते दिवस काढावे लागतात. त्या काळात एका ओळखीच्यांनी “एका हॉस्पिटलातून थेट बाळ मिळवून देतो” असंही सांगितलं. असं मूल घेणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम 80 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि त्या बाळाच्या आईनं ते राजीखुशीनं दिलंय की नाही, हे कळायला काही मार्ग नसतो. आम्ही तो विषय तिथेच संपवला.

एका दुपारी मोबाइलवर संदेश आला. पश्चिम ओडिशातल्या संस्थेतली साडेतीन वर्षांची मुलगी. होकार कळवायला 48 तास. फोटो पाहून मी रडत होते, पण नवऱ्यानं वैद्यकीय अहवाल छापून घेतला आणि आम्ही नौपाड्यातल्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. पश्चिम ओडिशात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण बरंच असल्यानं त्यांनी आधी ती तपासणी झाली आहे का ते पाहिलं. झाली होती. बाकीचा अहवाल त्यांनी ओळ न् ओळ समजावला. फोटोच्या आधी अहवाल वाचा, असं मी आता सगळ्यांना सांगते.

संस्थेत गेल्यावर तिला सांभाळणाऱ्या मावशींजवळ बसून मी विचारत सुटले. ती कुठल्या कुशीवर झोपते, रात्री उठते का, कशाला घाबरते, रडली की काय केलं की शांत होते. दुपारी पखाळ, म्हणजे पाण्यात भिजवलेला भात, आवडीनं खाते हे तिथेच कळलं. तिची रोजची चादर मागून घेतली आणि घरी आल्यावरही बरेच दिवस धुतली नाही. ओळखीचा वास तेवढाच होता तिच्याजवळ.

खरी कसोटी घरी आल्यावर लागली. ती कुणाकडेही जायची. लिफ्टमधल्या अनोळखी माणसाचंही बोट धरायची. सोसायटीत कौतुक व्हायचं, “किती गुणाची!” पण सांभाळणारी माणसं सतत बदलत गेलेली मुलं अशी वागतात, आपलं माणूस कोणतं, हे तिला अजून ठरवता आलेलं नव्हतं. म्हणून सुरुवातीचे काही महिने भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं फक्त आम्ही दोघांनीच करायचं ठरवलं. बारसं नाही, पाहुणे नाहीत. सासूबाईंना हे फार लागलं. नातीला घास भरवायचा नाही, ही कसली रीत? त्या चार दिवस बोलल्या नाहीत. तरी आम्ही मागे हटलो नाही, आणि आजही मला ते बरोबरच वाटतं. पुढे एकदा पडल्यावर ती बाकी सगळ्यांना ओलांडून माझ्याकडे धावत आली. त्यानंतर घास आजीच्या हाती दिला.

रजेचं मात्र आजही संतापजनक वाटतं. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं दत्तक आईला बारा आठवडे दिले, पण आमच्या वेळी बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच ते मिळत. सोडून दिलेल्या बाळाच्या चौकशीलाच दोन महिने लागू शकतात, मग त्या मुदतीत किती बाळं घरी पोहोचणार होती? मी बिनपगारी रजा घेतली. ज्यांना ते परवडत नव्हतं त्यांनी काय करायचं?

दत्तकाचा आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. तो आला, जन्मदाखल्यावर आमची नावं आली. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट असते. त्या भेटीत सगळं छान आहे असं सांगू नका. ती चावते, रात्री उशीखाली पोळी लपवते, हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगितलं. समाजसेविकेनं बाल मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि चावणं हळूहळू थांबलं. पोळीचं त्या म्हणाल्या, लपवू द्या, डब्यात नेहमी एक जास्तीची ठेवा. आम्ही अजून ठेवतो.