कर्लीत वल्हवायचं तर आधी तिथी बघा

मालवणजवळच्या कर्ली नदीत कायाक (वल्ह्याने चालवायच्या छोट्या होड्या) चालवायच्या हे पटकन ठरलं. घोडं अडलं तारखेवर. ग्रुपवर सगळ्यांचं एकच म्हणणं, डिसेंबरातला कुठलाही शनिवार चालेल. देवबागात कायाक भाड्याने देणाऱ्या काकांना फोन केला, तर ते म्हणाले, "तारीख नको माका, तिथी सांगा."

त्यांचं बरोबर होतं. तारकर्ली-देवबागपाशी कर्ली नावाला नदी. दिवसाचा बराच वेळ ती उलटी वाहते. भरतीचं पाणी खाडीतून वर नेरूरपारच्या दिशेने चढतं, ओहोटी लागली की तेच पाणी देवबागच्या संगमाकडे ओढ घेतं. मोटरबोटवाल्याला याचं काही वाटत नाही. हातात वल्हं असलं की मात्र सगळं त्यावरच.

कोकणातला हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. मुंबईपेक्षा मालवणला भरती जरा आधी येते, तेव्हा छापील कोष्टकही बघून घ्यावं.

आम्हाला हवं होतं ते असं: उजाडताना भरतीबरोबर वर जायचं, पाणी थांबलं की वळायचं आणि ओहोटीबरोबर परत यायचं. तेही दुपारचा खारा वारा सुटायच्या आत, कारण तो समुद्राकडून येतो आणि परतताना थेट तोंडावर बसतो. पौर्णिमा-अमावास्या बाद, उधाणाला ओढ जोरात आणि भरती दुपारच्या तोंडावर. सकाळी आठ-साडेआठची भरती म्हणजे एकादशी किंवा द्वादशी. एकादशीला निम्म्या मंडळींचा उपास, मग मालवणात जाऊन सुरमई सोडायची का, यावर ग्रुपवर जेवढी चर्चा झाली तेवढी लाइफ जॅकेटवर झाली नाही. शेवटी द्वादशीला येणारा शनिवार सापडला.

इथे कायाक बहुधा तासावर मिळतात, किनाऱ्याजवळ फिरून यायला. अख्ख्या सकाळसाठी हव्या असतील तर आधी बोलून ठेवावं, आणि सोबत एक मोटरबोट मागावी. जास्त पैसे जातात, पण पोहता न येणारं कोणी असेल तर यात काटकसर करू नये. निघण्यापूर्वी कायाकच्या तळाचं बूच घट्ट आहे का ते हाताने बघा. जॅकेटचे पट्टे आवळून खांद्याशी ओढून बघा. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते तुमच्या मापाचं नाही.

काकांची एकच ताकीद होती: "संगमाकडे जाव नकात." ओहोटीला नदीचं पाणी आणि समुद्राच्या लाटा तिथे समोरासमोर भिडतात. म्हणून उतरायची जागा आम्ही संगमाच्या बरीच आत ठरवली होती.

वर जाताना वल्ही नुसती दिशेपुरती लागली. कांदळवनाच्या कडेने गेलो तर खंड्या दिसतात, पण मासेमारीची जाळी लावलेली असतात. खुंट दिसले की लांबून वळसा घालावा. परतीला पाणी उतरू लागलं तशा चिखलात कालवं काढणाऱ्या बायका दिसल्या. त्यांनी आम्हाला विचारलं, इंजिन बिघडलं काय?

संगमाजवळचं त्सुनामी आयलंड हे वाळूचं बेट ज्यांना बघायचंच होतं, ते जेवून मोटरबोटीने गेले.