ओट्याची उंची

मंगळवार

घराचं काम काढलंय, म्हणून आजपासून स्वयंपाकघर पुढच्या खोलीत. सिलिंडर उभंच हवं आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर हवी, म्हणून मुलाचं जुनं अभ्यासाचं टेबल वरून खाली आणलं. त्यावर शेगडी, बाजूला पाण्याच्या बादल्या, मिक्सर खिडकीत. तवा, पोळपाट-लाटणं, कुकर, मसाल्याचा डबा आणि रोज लागतील तेवढीच ताटं बाहेर ठेवली. बाकीची भांडी गोणपाटात बांधून वर नेली. कपाटांवर, गाद्यांवर जुन्या साड्या टाकल्या. देव शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवले. त्यांच्या पूजेत आपल्याही देवांना रोज फूल मिळेल, एवढ्यावर आई समाधानी आहेत. (आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या घरात, गुडघे दुखतात, पण हात थांबत नाहीत.)

घर आमचं नाशिकच्या सिडकोतलं, पवननगरच्या बाजूचं. घेतलं तेव्हा एक खोली, स्वयंपाकघर, मागे मोरी आणि संडास एवढंच होतं. सासऱ्यांनी अंबडच्या कंपनीतल्या पगारातून हळूहळू मागे-वर वाढवलं. नवीन नाशिकमधली बहुतेक घरं अशीच वाढलेली आहेत, ज्याला जसं जमलं तसं. त्यामुळे आमच्याकडे दोन खोल्यांची फरशी एका पातळीत नाही. मागच्या खोलीत जायला अर्धी पायरी चढायची, न्हाणीत जायला उंबरा ओलांडून खाली उतरायचं. मला त्याची इतकी सवय झालीय की पाय आपोआप उचलला जातो. आईंचा आता उचलला जात नाही.

गुरुवार

वरच्या न्हाणीचं पाणी स्वयंपाकघराच्या छतात उतरत होतं. ओल उन्हाळ्यातही जात नव्हती, म्हणजे पावसाचं पाणी नव्हे हे उघड होतं. मिस्त्रींनी आज सगळं छत हातोडीने हलकं ठोकत तपासलं. चांगल्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. जिथं बद्द वाजलं तिथं खडूने गोल. दुपारपर्यंत ते गोल एकमेकांना जाऊन भिडले आणि संध्याकाळी तेवढा सगळा भाग खाली आला. आतल्या सळया पापुद्रे सुटलेल्या, तपकिरी. सळई गंजली की फुगते आणि फुगली की खालचं काँक्रीट ढकलून पाडते, असं त्यांनी ह्यांना दाखवून सांगितलं. नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग दिला तर दुखणं आत तसंच राहतं. आता तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, त्यावर गंज थांबवणारा लेप, मग पॉलिमर घातलेला सिमेंटचा माल. आणि हे सगळं टिकायचं असेल तर आधी वरची न्हाणी उकलायची.

धूळ सगळीकडे. तुरीच्या डाळीच्या बंद डब्यातही कशी गेली कळत नाही. रात्री मुगाची खिचडी, पापड, लोणचं.

शनिवार

ह्यांना सुट्टी, म्हणून आज ओट्याचं ठरवायला बसलो. सुतार मोबाइलवर फोटो घेऊन आला होता. सगळे ओटे सारखे, सगळ्यांच्या खाली ट्रॉल्या, वर चकचकीत ग्रॅनाइट. दिसायला सुंदर आहेत, नाही कशाला म्हणू? पण एकाही फोटोत कोणी स्वयंपाक करताना दिसत नव्हतं.

जुना ओटा कडप्प्याचा, तीस इंच उंच. सासऱ्यांनी आईंना समोर उभं करून बांधून घेतला होता. आई पाच फुटांच्याही आत, त्यांना तो अगदी बरोबर. मी त्यांच्यापेक्षा चांगली वीतभर उंच. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या ओट्यावर वाकून पोळ्या लाटतेय, आणि गेली काही वर्षं सकाळचा स्वयंपाक झाला की कंबर धरून उभी राहते. आईंचं उलटं झालंय. ओटा त्यांच्या मापाचा, पण उभं राहणंच जमत नाही. निवडणं, चिरणं, शेंगा सोलणं सगळं त्या पुढच्या खोलीत पलंगावर बसून करतात. मग काहीतरी विसरतं, त्या हाक मारतात, मी नेऊन देते. स्वयंपाकघर त्यांचं, आणि त्या स्वयंपाकघराच्या बाहेर.

मी मिस्त्रींना हे सगळं सांगितलं. त्यांनी फोटो बाजूला ठेवायला लावले. मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात कोपरात वाकवायला सांगितला आणि कोपराशी पेन्सिलची खूण केली. फरशीपासून एकेचाळीस इंच. "ह्याच्याखाली चार-पाच इंच, ताई. म्हणजे छत्तीस. लाटताना खांदा वर जात नाही आन् कंबर खाली जात नाही." मग आईंकडे वळले. आई म्हणाल्या, "माझं माप कशाला घेता? मी आता किती दिवस करणार?" मिस्त्रींनी ऐकल्यासारखं केलंच नाही. त्यांची रोजची खुर्ची आणायला लावली, आईंना तीत टेकून बसवलं, पाय जमिनीला पूर्ण टेकतात का पाहिलं. सुतळीने मांडीची उंची घेतली, मग बसल्या जागी कोपराची. सुतळीला दोन गाठी मारल्या आणि ती पट्टीवर धरली. सव्वीस इंच. तेवढ्या उंचीवर दगड टाकायचा, खाली सगळं मोकळं ठेवायचं म्हणजे गुडघे आत जातात.

सुतार म्हणाला, तेवढी जागा फुकट जाईल, तिथं दोन ट्रॉल्या बसतात. मी नको म्हटलं. तो परत म्हणाला तेव्हा हे मध्ये पडले.

आपल्याकडे घराचं काम काढलं की आधी टाइल्सचा रंग ठरतो, मग भिंतींचा, मग पडदे. घरात राहणाऱ्यांचे गुडघे, खांदे, डोळे ह्यांचा विचार कोणी करत नाही. माझं मत ह्या कामात पक्कं झालं आहे. माणसांचं माप घेतल्याशिवाय भिंतीला हात लावू नये. ब्लाउज शिवायला टाकताना आपण माप देतो, आणि ज्या ओट्यापाशी आयुष्य उभं राहायचं तो मात्र फोटोतून घेतो.

बसायच्या ओट्याला दगड कुठला, हे आईंनीच ठरवलं. जुना कडप्पा. एका कोपऱ्याला टवका गेलाय तेवढा भाग कापायचा, बाकी घासून वापरायचा.

होळी

काम बंद. आमच्याकडे बिगारी म्हणून येणारं जोडपं पेठ तालुक्यातलं. पेठ-सुरगाण्याकडची माणसं शिमग्याला गावी जातातच, त्यांचा तो वर्षाचा मोठा सण. त्यातल्या मावशींनी आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं. जाताना आईंच्या पाया पडल्या, आईंनी त्यांच्या मुलीसाठी बांगड्या दिल्या. येताना नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ आणते म्हणाल्या.

पुरणपोळी अभ्यासाच्या टेबलावर केली. पुरण काकूंकडे वाटून आणलं. दारातल्या होळीला नैवेद्य दाखवला. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

रंगपंचमीनंतरचा दिवस

मिस्त्री आले ते कानामागे, नखांत गुलाबी रंग घेऊनच. ते जुन्या नाशकातले. आमच्या नाशकात रंग धुळवडीला नाही, पंचमीला. पेशव्यांच्या वेळच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले हौद, वर्षभर बुजवलेल्या असतात, त्या उघडून पाण्याने भरतात आणि माणसं वरून त्यात धप्पा मारतात. तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा, प्रत्येक रहाडीचा रंग वेगळा. ह्यांनीही लहानपणी धप्पा मारलाय. दोघांचं त्यावर इतका वेळ चाललं की चहा दोनदा करावा लागला.

मग वरच्या न्हाणीची पाण्याची परीक्षा लावली. कोबा झाला आहे, वॉटरप्रूफिंगचा लेप दोन हात दिलाय आणि तो भिंतीवरही फूटभर चढवलाय. पाणी झिरपतं ते बहुधा फरशी-भिंतीच्या सांध्यातून आणि नहाणी ट्रॅपच्या (पाणी वाहून जायच्या तोंडाच्या) कडेने, म्हणून तिथं जास्त काळजी. ट्रॅपचं तोंड कापडाच्या बोळ्याने आणि मालाने बंद केलं, दोन-अडीच इंच पाणी भरलं आणि पातळीला भिंतीवर पेन्सिलची रेघ मारली. पुरते दोन दिवस कोणी हात लावायचा नाही. काहीजण एका रात्रीत उरकतात. मिस्त्री म्हणाले, फरशी बसल्यावर गळती सापडली तर सगळं पुन्हा फोडायचं, त्यापेक्षा दोन दिवस थांबा.

मी दर थोड्या वेळाने खाली येऊन छत बघतेय.

शुक्रवार

रेघेपासून पाणी जेमतेम केसभर उतरलं, तेवढं उन्हानेही उतरतं. छत कोरडं! ह्यांनी हात लावून पाहिलं, मग मी, मग आईंनी काठीचं टोक लावून पाहिलं.

आजपासून खालच्या न्हाणीचं काम. उंबरा काढून टाकला. उंबरा असतो तो पाणी बाहेर येऊ नये म्हणून, आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय नेमका तिथंच अडतो. त्याऐवजी सगळ्या फरशीला ट्रॅपकडे ढाळ आणि दाराशी लांब जाळीची पन्हळ. ढाळ द्यायला मिस्त्रींनी पातळ पारदर्शक नळी पाण्याने भरली. एक टोक मावशींनी दाराशी धरलं, दुसरं त्यांनी ट्रॅपच्या कोपऱ्यात. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की खूण. त्या खुणांवरून खाली मोजून सूत मारलं. लेझरचं यंत्र आहे त्यांच्याकडे, पण न्हाणीत नळीवरच विश्वास. मावशी नळी धरून श्वाससुद्धा हळू घेत होत्या.

टाइल्स लहान घेतल्या, एक फुटाच्या, खरखरीत. दुकानदार दोन फुटी दाखवत होता, सांधे कमी दिसतात म्हणून. पण लहान टाइलला ढाळ नीट देता येतो आणि जास्त सांध्यांमुळे ओल्या पायाला पकड मिळते. कमोडच्या बाजूला आणि नळापाशी स्टीलच्या दांड्या. दांडी नुसत्या टाइलवर स्क्रूने बसवली तर वजन घेत नाही, आत विटेपर्यंत जाड बोल्ट जायला हवा. जागा ठरवायला आईंना न्हाणीत नेलं, बसायला-उठायला लावलं आणि त्यांचा हात आपोआप भिंतीला जिथं गेला तिथं खूण केली. दार बाहेर उघडेल असं करून घेतलं. आत कोणी पडलं आणि दार आत उघडणारं असलं तर पडलेलं माणूसच दार अडवतं. हे मला कंपाउंडर असलेल्या मावसभावाने सांगितलं होतं, ते डोक्यात पक्कं बसलंय.

पाडवा

स्वयंपाकघर पाडव्याला व्हायचं होतं, झालं नाही. ग्रॅनाइट बसलाय, नळ नाही. गुढी मात्र वेळेवर उभारली. कडुनिंब, गूळ. श्रीखंड विकतचं. गंगेवर (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) जायचं राहिलं, पुढच्या सोमवारी बघू.

बुधवार

काल नळ आला आणि रात्री शेगडी आपल्या जागी गेली. पहिल्या पोळीला माझे हात अडखळले, जुन्या उंचीच्या सवयीने मी वाकायलाच निघाले होते. आठ-दहा पोळ्या झाल्या तेव्हा लक्षात आलं की पाठ सरळ आहे.

आज कुरडयांचा चीक. ह्या वर्षी वाळवण नको, असं मी म्हटलं होतं. आईंनी मला न सांगता गहू भिजत घातले. धूळ लागेल म्हणून काकूंच्या घरी. रोज पाणी बदलायलाही तिकडे काठी टेकत जात होत्या. वाटून, गाळून, रात्रभर निवळत ठेवलेला चीक आज मी शिजवला. हिंग-मिठाचं पाणी उकळून त्यात सोडायचा आणि मग ढवळण्यात खंड पडू द्यायचा नाही, नाहीतर गुठळ्या. मी छत्तीस इंचांवर ढवळत होते, आई माझ्या डाव्या हाताला सव्वीस इंचांवर खुर्चीत बसून सोऱ्या भरत होत्या. गुडघे दगडाखाली, कोपरं टेकलेली. चीक गरम असतानाच सोऱ्यात जावा लागतो, म्हणून मी डाव काढायचा आणि त्यांनी लगेच घ्यायचा. मधे चालत जाणं नाही, हाक मारणं नाही. "अजून दोन मिनिटं, पांढरा दिसतोय," त्या बसल्या जागेवरून सांगत होत्या. पातेल्यात बघायला त्यांना उठावं लागत नव्हतं. चिकाचा काचेसारखा रंग व्हायला लागला तसा "आता उतरव" म्हणाल्या.

दहा वाजता सुतार ट्रॉलीची बिजागरं बसवायला आला. त्याने ते पाहिलं, काही बोलला नाही. जाताना आईंनी त्याला वाटीत गरम चीक दिला, वर तूप घालून.

रविवार

वरच्या न्हाणीला अजून दार नाही. बटणांची एक पेटी चुकीच्या उंचीला बसली होती, ती खाली घेतली. रात्री उठल्यावर आईंना पलंगावरूनच न्हाणीचा दिवा लावता यावा म्हणून दोन्हीकडून चालणारं बटण टाकलंय. मावशींनी सांगितल्याप्रमाणे नागलीचं पीठ आणून दिलं, उद्या भाकरी करते.

देव आणायला काकूंकडे गेले तर त्यांनीही ओटा बदलायचं मनावर घेतलेलं. वहीत लिहून घ्यायला बसल्या, "तुझ्या सासूचा किती इंच म्हणालीस?" मी सांगितलं, पण म्हटलं, ते त्यांचं माप आहे, तुमचं मिस्त्री वेगळं घेतील. ते बुधवारी त्यांच्याकडे येणार आहेत. त्याआधी आमच्या वरच्या खोलीला पेंटर मिळायला हवा. ज्याला सांगितलंय तो फोन उचलत नाही, ह्यांनी उद्या त्रिमूर्ती चौकातल्या रंगाच्या दुकानात दुसऱ्या कोणाची चौकशी करायची असं ठरलंय.