आमची वाटचाल : शिशाशिवाय उजेड

२०१५ साली झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठात माक्सिम कोवालेन्को यांच्या गटाने सीझियम-लेड-हॅलाइडचे नॅनोक्रिस्टल (अतिनील प्रकाश पडला की रंगीत उजळणारे अतिसूक्ष्म स्फटिक) करून दाखवले आणि आमच्या क्षेत्राचं चित्रच पालटलं. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीनचं प्रमाण बदलायचं, की जांभळ्यापासून लालपर्यंत हवा तो रंग. पुण्यात आम्ही ही छोटी कंपनी काढली तेव्हा तोच माल करा, असं अनेकांनी सुचवलं. खपही झाला असता. पण त्यात शिसं आहे, आणि पाणी लागलं की ते बाहेर पडतं. युरोपचा आरओएचएस (उपकरणांतल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा नियम) आणि आपले ई-कचरा नियम शिशाला ०.१ टक्क्यापलीकडे जाऊ देत नाहीत. नियम नसते तरी आमच्याकडे काम करणाऱ्या पोरापोरींच्या हातात रोज शिशाचे क्षार द्यायची आमची तयारी नव्हती. त्यामुळे शिसं नको, हे सुरुवातीलाच ठरलं. पुढचं सगळं त्यातून आलं.

शिशाला पर्याय म्हणून आधी कथील आठवतं. पण त्याचं हवेत ऑक्सिडीकरण होतं आणि उजेड जातो. म्हणून आम्ही दुहेरी पेरोव्हस्काइट घेतलं (पेरोव्हस्काइट म्हणजे त्या शिशाच्या स्फटिकांसारखी अणूंची मांडणी): शिशाच्या दोन अणूंच्या जागी एक चांदीचा, एक इंडियमचा. हे संयुग एकटं जेमतेम उजळतं. चांदीचा काही भाग काढून सोडियम घातलं आणि किंचित बिस्मथ दिलं, की ऊबदार पांढरा प्रकाश येतो. २०१८ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात याच मिश्रणाच्या पावडरीची कार्यक्षमता, म्हणजे शोषलेल्यातला किती प्रकाश परत बाहेर येतो ते, ८६ टक्के नोंदवली गेली. नॅनोक्रिस्टलला पृष्ठभाग फार, तिथे ऊर्जा वाया जाते, त्यामुळे तेवढा आकडा मिळत नाही. ग्राहकाला आम्ही हे ऑर्डर घेण्याआधीच सांगतो.

आमच्या मालात रंग मुख्यतः धातू ठरवतो. मँगनीज घातलं तर नारिंगी-लाल. यटर्बियम घातलं तर १००० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. निळ्यासाठी मात्र वेगळं कुटुंब लागतं, सीझियम-कॉपर-आयोडाइड.

बॅच करताना थ्री-नेक फ्लास्कमध्ये धातूंचे क्षार, ऑक्टाडेसिन, ओलिइक आम्ल आणि ओलेइलअमाइन हे तेलकट द्रव घेऊन व्हॅक्यूमखाली पाणी काढायचं, मग आर्गॉन सोडून तापवायचं. क्लोरीन पुरवणारं बेन्झॉइल क्लोराइड सिरिंजने एका दमात आत जातं. पारदर्शक द्रावण क्षणात दुधाळ होतं आणि लगेच फ्लास्क बर्फात. इथवर कुणालाही शिकवता येतं. खरी परीक्षा धुण्याची. द्रावक जास्त पडला तर कणांवरचं तेलकट आवरण सुटतं, कण एकमेकांना चिकटतात आणि सेंट्रिफ्यूजमधून निघालेला गोळा परत विरघळत नाही. कमी पडला तर तेल उरतं आणि कणांची फिल्म (पातळ थर) चिकट होते. हा अंदाज हाताला यायला वेळ लागतो. ज्यांच्या हाताला तो आला आहे, तेच आमचं खरं भांडवल आहेत.

निळ्या मालाबद्दल एक फोन हमखास येतो: “चमकत नाही हो तुमचं.” नोटा तपासायचा टॉर्च सहसा ३६५ नॅनोमीटरचा किंवा त्याहून जास्त तरंगलांबीचा असतो आणि या संयुगाला उजळायला ३०० च्या आसपासचा अतिनील लागतो. आता प्रत्येक बाटलीवर दिव्याची तरंगलांबी ठळक छापतो. पावसाळ्यात याचं पॅकिंग फक्त ग्लोव्ह बॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या कोरड्या, हवाबंद पेटीत) होतं, कारण ओल लागली की सीझियम आयोडाइड धुपून जातं आणि निळा माल पिवळा उजळू लागतो.

हाच निळा माल क्ष-किरणांखालीही छान उजळतो. त्याचा प्रकाश त्याच्याच शोषणापासून इतका दूर पडतो, की जाड थरातही तो आतल्या आत गिळला जात नाही. म्हणून सध्या पॉलिमरमध्ये मिसळून क्ष-किरणांच्या पडद्यासाठी फिल्म बनवतो आहोत. लहान तुकडे एकसारखे येतात. मोठ्या फिल्मच्या कडेला कण गोळा होतात, त्यावर काम चालू आहे. संशोधन प्रयोगशाळांना चाचणीसाठी तुकडे हवे असतील तर जाडी आणि क्ष-किरण नळीचा व्होल्टेज कळवा, त्याप्रमाणे करून देतो.