मायच्या दुसऱ्या डोळ्याची लेन्स: माझा अनुभव

मायच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू मागंच शिबिरात निघाला होता, फुकटात, अन् दिसायलाही चांगलं लागलं होतं, म्हणून शिबिराले मी नाव ठेवणार नाही. पण नंतर हळूहळू पुन्हा धुरकट झालं आणि गावात जो तो म्हणे मोतीबिंदू परत आला. तो परत येत नसतो. डॉक्टरांनी मशीनवर तपासून सांगितलं की लेन्स ज्या पिशवीत बसवतात तिच्या मागच्या बाजूवर उरलेल्या पेशी पसरल्या, जाळी आली. कार्डावर पीएमएमए लिहिलं होतं, म्हणजे कडक, न दुमडणारी लेन्स, अशा जुन्या लेन्सच्या कडा बहुतेक गोलसर, त्यामुळे पेशी सहज मागं सरकतात. मग यॅग लेसर, म्हणजे लेसरनं त्या जाळीत भोक पाडतात. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले, हनुवटी टेकवून बसवलं, टिक टिक आवाज झाला अन् माय बाहेर. पण त्यानंही कधी डोळ्याचं प्रेशर वाढतं, क्वचित डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) सुटतो, म्हणून नंतर पुन्हा तपासणी लागलीच.

उजव्या डोळ्याच्या वेळी मात्र मी लेन्सचं नीट विचारून घेतलं. शहरातल्या एका दवाखान्यात काउंटरवाल्या मॅडम सरळ मल्टिफोकलचं, म्हणजे दूरचं अन् जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या लेन्सचं, पॅकेज दाखवत होत्या, चष्माच लागणार नाही म्हणे, मायले शुगर आहे का हे विचारलंसुद्धा नाही, याचा मला खरंच राग आला. तिथून उठलो आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी आधी पडदा तपासला, शुगरचा थोडा परिणाम दिसला, म्हणाले, "मल्टिफोकल नको, ती उजेड वाटून देते, पडदा कमजोर असला की फिकट दिसतं, रात्री दिव्याभोवती कडी दिसतात." माय म्हणे, "साहेब, मले तं तुरीच्या दाळीतले खडे दिसले पाह्यजे." ते म्हणाले, "दिसतील बाई, पण जवळचा चष्मा लावा लागन."

शेवटी हायड्रोफोबिक ॲक्रिलिकची (पाणी न धरणारं मऊ प्लास्टिक) मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतरावरचं नीट दाखवणारी लेन्स घेतली, चौकोनी कडेची. कड त्या पिशवीच्या मागच्या बाजूला घट्ट टेकते, पेशींना अडवते, जाळी येणारच नाही असं नाही पण शक्यता कमी होते, हायड्रोफिलिक, म्हणजे पाणी धरणाऱ्या लेन्सपेक्षाही कमी. दुमडून घालतात म्हणून चीर तीन मिलिमीटरच्या आतच.

आता दाळ निवडते, चष्मा लावून. डिस्चार्ज कार्डावर लेन्सचं स्टिकर असतं, कंपनी, मॉडेल, नंबर सगळं, ते मागून घ्या अन् जपून ठेवा. आणि शुगरवाल्यांनी पडद्याची तपासणी दरवर्षी करा, लेन्स कितीही भारी टाकली तरी.