एका पुस्तकासाठी पुण्याला

साताऱ्याहून पहाटेची एसटी पकडली. खंबाटकीत धुकं, कात्रजला भुरभुर पाऊस. स्वारगेटला उतरून बाजीराव रोडने चालतच सदाशिव पेठेत काकूंचं घर गाठलं. त्यांच्या यजमानांनी अप्पा बळवंत चौकातून आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून आयुष्यभर पुस्तकं जमवली. त्यातलं एक बघायला मी आलो होतो.

“आधी चहा घे, मग हात धू. पुस्तक कुठे पळून जात नाही,” काकू म्हणाल्या.

‘वदरिंग हाइट्स’. एमिली ब्राँटेची कादंबरी १८४७ची, ही आवृत्ती न्यूयॉर्कच्या रँडम हाउसची, १९४३ची. चित्रं फ्रिट्झ आयकेनबर्गची, लाकडाच्या ठशांची. जर्मनीत कोलोनला जन्मलेला हा ज्यू चित्रकार १९३३ साली, हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी, देश सोडून अमेरिकेला गेला. त्याच्या चित्रांतलं वादळ कुठून आलं, हे मला यापलीकडे शोधावंसं वाटत नाही.

मी शाळेत मुलांना लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून छापायला, शिकवतो, त्यामुळे माझी नजर आधी रेघांवर गेली. लाकडाच्या ठशाच्या या प्रकारात खोड आडवं कापून वर्तुळं दिसतात त्या बाजूवर कोरतात. लाकूड घट्ट असल्यामुळे केसाएवढी रेघही टिकते. कोरलं तेवढं पांढरं, हात लावला नाही ते काळं. म्हणजे चित्रकार सुरुवात करतो ती मिट्ट काळोखातून, आणि एकेक रेघ काढून उजेड आत घेतो.

कादंबरीचा नायक हीथक्लिफ झाडाला टेकून उभा आहे, त्या चित्रापाशी मी बराच वेळ थांबलो. त्याची प्रेयसी कॅथरीन वारली त्या पहाटेचा प्रसंग कादंबरीत आधी किती शांत आहे! त्याचे केस दवाने भिजलेत आणि तो इतका वेळ निश्चल उभा आहे, की पक्ष्यांची एक जोडी त्याच्यापासून तीन फुटांवरून घरट्यासाठी ये-जा करतेय. मग ती कशी गेली हे ऐकल्यावर तो बुंध्यावर डोकं आपटतो. आयकेनबर्गने ती शांतता घेतलीच नाही. त्याच्या चित्रात वारा सुटलाय, झाडसुद्धा माणसासारखं पिळवटलंय. मला आधी हे खटकलं. पण भिंग लावून पाहिलं तेव्हा चेहऱ्यावरचा उजेड मोजक्या रेघांचा निघाला. बाकी सगळा काळोख त्याने राखून ठेवला होता.

आमच्या आजीच्या देवघरात चित्रशाळेचं रामपंचायतन होतं. १८७८ साली इथे पुण्यातच सुरू झालेल्या त्या छापखान्याची शिळाछाप चित्रं घरोघरी होती. दगडावर चित्र काढायचं, त्याचा कागदावर ठसा घ्यायचा. छापील चित्राचं वेड मला तिथूनच लागलं.

काकूंनी दुपारी पिठलं-भात वाढला. जेवून पुन्हा तेच पान उघडलं.

“संध्याकाळची गाडी चुकेल हं,” त्या म्हणाल्या.

चुकली. रात्रीच्या गाडीत खिडकीबाहेर कात्रजच्या बोगद्यापर्यंत दिवे होते, पुढे नुसता घाट. घरी टेबलावर अर्धवट कोरलेला लिनो पडलाय. त्यातलं आभाळ मी सगळं खरवडून पांढरं करणार होतो. आता त्याला हात लावणार नाही.