आशा यायच्या आधी

"सिस्टर, गावोगावच्या आशा स्वयंसेविका नव्हत्या तेव्हा पाच हजार माणसं एकट्या कशा सांभाळत होतात?" निवृत्त झाल्यापासून नव्या पोरींचा हा प्रश्न ठरलेला. तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते: नव्हते सांभाळत.

१९८६ साली मी माण तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स म्हणून रुजू झाले. कागदावर हिशोब चोख. ३०,००० लोकसंख्येला प्राथमिक आरोग्य केंद्र, ५,००० ला उपकेंद्र. माझ्याकडे तीन गावं होती, आणि वाड्यावस्त्या किती ते वस्तीवाल्यांनाच ठाऊक. फाट्यावर एस.टी.तून उतरायचं, खांद्याला लशीचा डबा, त्यात चार आइसपॅक, पुढं पायपीट. बर्फ वितळायच्या आत माघारी. उन्हाळ्यात दुपारनंतर डब्याचं झाकण उघडायलाच मी भ्यायचे.

गावात आरोग्य रक्षक असायचा. १९७७ च्या केंद्राच्या योजनेतला, महिना पन्नास रुपये मानधनाचा. माणूस भला, पण बाप्या. कुठली सून पाळी चुकल्याचं त्याला सांगणार?

मेंढपाळांच्या वस्तीवर तर माझं गणित कायम चुकायचं. दिवाळीनंतर वाडे, म्हणजे मेंढरांसकट बिऱ्हाडं, हलायचे. एकदा रजिस्टरात गरोदर म्हणून नोंदलेल्या बाईकडे गेले, तर मांडीवर अडीच महिन्यांचं लेकरू. शेजारी तिची जाऊ बसलेली. तिचंही बाळ झालं होतं, आठव्या दिवशी गेलं. माझ्या रजिस्टरात त्या जावेचं नावच नव्हतं. बाळाचा ना जन्म, ना मरण.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि पाठोपाठ आशा. हजार माणसांमागे एक, गावातलीच बाई. मला आधी वाटलं, झालं, आता हिचीही रजिस्टरं मीच तपासायची. (तपासलीच.)

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायची पद्धत बसवली होती. २०११ पासून त्याच वाटेनं देशभरच्या आशा बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस.

अशाच एका सातव्या दिवशी मी आशासोबत होते. तिनं झोळीचा काटा डोळ्यासमोर धरला. १,९०० ग्रॅम. एवढंसं बाळ न्हाऊ घातलं की गारठतं. चुलीवर पाणी तापलेलं, सासू आंघोळीच्या तयारीत. मी तोंड उघडणार, तोच आशा म्हणाली, "आत्या, आज न्हाऊ घालायचं नाही. रागवा मला, पण नाही." भावकीतलीच सून ती. म्हातारी पुटपुटत उठली आणि पातेलं उतरवलं. आशानं उघडं बाळ आईच्या छातीशी ठेवून वरून लुगड्यानं बांधलं. माझ्या शब्दावर ते पातेलं उतरलं नसतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी काटा २,४०० वर गेला. सहा फेऱ्यांचे तिला मिळून २५० रुपये. ते हातात पडले तोवर बाळ रांगायला लागलं होतं.